दोघांची मोहीम, एकाची दुखापत : बीड ते कल्पिटिया

बीड जिल्ह्याच्या मध्यातून पूर्व-पश्चिम पसरलेल्या बालाघाटाच्या माथ्यावर पाटोदा, बीड, केज या तालुक्यांत ज्या पवनचक्क्या उभ्या आहेत, त्यांच्या वर्षभराच्या वीजनिर्मितीचा मोठा वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. कारण या काळात अरबी समुद्रावरून येणारा नैर्ऋत्य मोसमी वारा सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर आपले बहुतेक पाणी टाकून, जवळजवळ रिकाम्या हाताने पण वेग राखून, पठारावर पोहोचलेला असतो. पर्जन्यछायेच्या प्रदेशात पाऊस कमी आणि वारा भरपूर हा अनुभव बीडच्या शेतकऱ्याला नवा नाही. त्याच मोसमी प्रवाहाचा दक्षिणेकडचा पदर श्रीलंकेच्या वायव्य किनाऱ्यावरून जातो, आणि तिथेही तो त्या ऋतूत पाऊस फारसा देत नाही, नुसता वाहतो. या किनाऱ्यावरचे कल्पिटिया हे द्वीपकल्प गेल्या काही वर्षांत काइटसर्फिंग या खेळासाठी जगभर ओळखले जाऊ लागले असून भारतातून तिथे जाणाऱ्या नवशिक्यांत तरुण जोडप्यांची संख्या लक्षणीय असते. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या बीडसारख्या जिल्ह्यातून निघणाऱ्या जोडप्याला हा प्रवास कसा घडतो, आणि दोघांपैकी एकाला शिकताना दुखापत झाली तर त्या प्रवासाचे पुढे काय होते, याचे हे वर्णन आहे. ते कोणा एका जोडप्याचे नाही. पण त्यातील टप्पे बहुतेकांच्या वाट्याला याच क्रमाने येतात.

काइटसर्फिंग म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीवर, पायाला फळी बांधून, पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरत जाणे. वाऱ्याच्या ओढीचा असा वापर करण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील शिक्षक जॉर्ज पोकॉक यांनी १८२६ मध्ये पतंगाने ओढल्या जाणाऱ्या गाडीचे पेटंट घेतले होते, आणि सॅम्युअल कोडी यांनी १९०३ मध्ये पतंगाने ओढलेल्या होडीतून इंग्लिश खाडी ओलांडली होती. मात्र पाण्यात पडलेला पतंग पुन्हा उडवायचा कसा, हा प्रश्न सुटेपर्यंत या खेळाला लोकप्रियता येणे शक्य नव्हते. तो प्रश्न फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरील ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या भावांनी सोडवला. पतंगाच्या पुढच्या कडेला हवा भरलेली नळी बसवली, की तो पाण्यावर पडला तरी बुडत नाही आणि आपला आकार टिकवून धरतो, या तत्त्वावरचे पेटंट त्यांनी १९८४ मध्ये नोंदवले, आणि १९९०च्या दशकाच्या अखेरीस असे पतंग बाजारात आले. पुढे पंचवीस-तीस वर्षांतच हा खेळ ऑलिम्पिकपर्यंत पोहोचला. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्याच्या शर्यती मार्सेच्या समुद्रात झाल्या, आणि ब्रिटनची एली ऑल्ड्रिज व ऑस्ट्रियाचा व्हॅलेंटिन बोंटस हे या प्रकारातील पहिले सुवर्णपदकविजेते ठरले.

भारतात हा खेळ शिकण्याच्या जागा आहेत. गोव्यात मोरजी-आश्वेच्या किनाऱ्यावर फेब्रुवारीपासून मेपर्यंत दुपारनंतर बेताचा वारा सुटतो. तामिळनाडूत रामेश्वरमच्या बेटावर नैर्ऋत्य आणि ईशान्य अशा दोन्ही मोसमांत वारा मिळतो. परळी वैजनाथाच्या जिल्ह्यातील माणसाला रामेश्वर माहीत असतो तो यात्रेचे ठिकाण म्हणून. त्याच बेटावर उथळ पाण्यात पतंगाचे धडे दिले जातात, हे यात्रेकरूंपैकी फार थोड्यांच्या कानावर आलेले असते. खरे तर रामेश्वरम आणि कल्पिटिया ही मन्नारच्या आखाताच्या दोन काठांवरील ठिकाणे आहेत, आणि दोन्हीकडचा वारा एकाच कुळातला आहे. तरीही कल्पिटियाकडे ओढा अधिक, याची कारणे सरळ आहेत. तिथे प्रशिक्षण देणाऱ्या शाळा जास्त, राहण्याची सोय पाण्याच्या काठावरच, आणि दोघांनी मिळून परदेशी जाऊन आल्याचे समाधान वेगळेच. हे शेवटचे कारण कोणी उघड सांगत नाही, पण ते असते.

बीडहून निघताना पहिला प्रश्न विमानतळाचा येतो. जिल्ह्यात विमानतळ नाही. छत्रपती संभाजीनगरचे चिकलठाणा विमानतळ सुमारे १३० किलोमीटरवर आहे, पण तिथून परदेशी विमान मिळत नसल्याने मुंबई गाठावीच लागते. रस्त्याने बीड ते मुंबई हे अंतर साधारण ४०० किलोमीटर, म्हणजे ट्रॅव्हल्सच्या गाडीची एक पूर्ण रात्र. अहिल्यानगर-बीड-परळी हा अनेक दशके रखडलेला लोहमार्ग बीडपर्यंत पूर्ण होऊन १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरला पहिली प्रवासी गाडी सुटली, तेव्हापासून रेल्वेचा आणखी एक पर्याय खुला झाला आहे; पण विमान पकडायचे असेल तर तूर्त रस्ताच भरवशाचा. मुंबई ते कोलंबो हा विमानप्रवास सुमारे अडीच तासांचा आहे. श्रीलंकेची घड्याळे भारताच्याच वेळेवर चालत असल्याने काटे फिरवावे लागत नाहीत. देशात उतरण्यासाठी ईटीए नावाची इलेक्ट्रॉनिक प्रवास-परवानगी आगाऊ घ्यावी लागते; तिचे शुल्क आणि सवलती वेळोवेळी बदलत असल्याने तिकीट काढण्याआधी सरकारी संकेतस्थळ पाहिलेले बरे.

कोलंबोचे म्हणून ओळखले जाणारे विमानतळ प्रत्यक्षात शहराच्या उत्तरेला कटुनायके येथे, निगोंबो गावाजवळ आहे. कल्पिटियाही उत्तरेलाच असल्याने राजधानीत शिरण्याची गरजच पडत नाही, ही गोष्ट पहिल्यांदा जाणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही आणि तो कोलंबोतील हॉटेलात एक रात्र विनाकारण घालवतो. विमानतळावरून किनाऱ्यालगतच्या रस्त्याने चिलाव, तिथून पुढे पुत्तलमच्या अलीकडील पालावी, आणि पालावीला डावीकडे वळून द्वीपकल्पाच्या टोकापर्यंत, असा हा साडेतीन तासांचा मार्ग आहे. निगोंबो-चिलाव पट्ट्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नारळाच्या बागा लागतात. चिलाव, पुत्तलम आणि कुरुनेगल यांच्यामधला हा मुलूख नारळाचा त्रिकोण म्हणूनच ओळखला जातो. जसजसे उत्तरेला जावे तसतशी हिरवाई विरळ होते, पुत्तलमजवळ मिठागरे दिसू लागतात, आणि पालावीचे वळण घेतल्यावर जमीन इतकी सपाट व वालुकामय होते, की दूरवरच्या पवनचक्क्या आणि नोरोच्चोलाय येथील कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राची धुराडी हीच काय ती उंची उरते. परळीच्या औष्णिक विद्युत केंद्राच्या छायेत वाढलेल्याला हे दृश्य परके वाटण्याचे कारण नाही.

कल्पिटिया हे एक लांबट, चिंचोळे द्वीपकल्प आहे. त्याच्या पश्चिमेला मोकळा समुद्र, आणि पूर्वेला पुत्तलमचे खाजण, म्हणजे वाळूच्या पट्ट्याने समुद्रापासून अलग झालेले उथळ, खारे पाणी. गावाच्या टोकाला डचांनी १६६७ ते १६७६ या काळात बांधलेला किल्ला आजही उभा आहे. कँडीच्या राज्याचा समुद्रमार्गे चालणारा व्यापार आपल्या मुठीत ठेवणे हा त्याचा हेतू होता. इथल्या वस्तीत तमिळ बोलणारे मुस्लीम, कॅथलिक मच्छीमार आणि सिंहली अशी सरमिसळ आहे, आणि १९९०च्या ऑक्टोबरमध्ये तमिळ वाघांनी उत्तर प्रांतातून घालवून दिलेल्या मुस्लीम कुटुंबांपैकी अनेक जण याच परिसरात येऊन वसले. समुद्रकाठच्या रिसॉर्टच्या माहितीपत्रकांत ही बाजू येत नाही. पण रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर बसले, की भाषेच्या आणि आडनावांच्या सरमिसळीतून ती आपोआप दिसते.

शिकण्याच्या दृष्टीने इथल्या भूगोलात एक मोठी सोय आहे. मे ते ऑक्टोबर या काळात नैर्ऋत्येचा वारा समुद्रावरून येतो, वाळूचा चिंचोळा पट्टा ओलांडतो आणि पलीकडच्या खाजणावर उतरतो. लाटा पट्ट्याला थडकून अलीकडेच थांबतात, वारा मात्र पुढे जातो. त्यामुळे खाजणात वारा जोरदार आणि पाणी मात्र शांत, अशी स्थिती तयार होते. डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतचा दुसरा मोसम ईशान्य वाऱ्याचा. तो तुलनेने सौम्य आणि काहीसा लहरी असतो, आणि पश्चिम किनाऱ्यावर तो जमिनीकडून समुद्राकडे वाहत असल्याने समुद्राच्या बाजूला उतरलेला नवशिका भरकटला तर थेट खोल पाण्याकडे ढकलला जाण्याचा धोका असतो. म्हणून त्या काळातही धडे खाजणातच घ्यावेत.

दोन मोसमांतला फरक नुसत्या सवयीचा नाही, तो जोराच्या हिशेबाचा आहे. वाऱ्याचा वेग नॉट या एककात मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. पतंगावर पडणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. १५ नॉटचा, नवशिक्याला मानवणारा वारा अर्ध्या तासात २१ नॉटवर गेला, तर आकड्यांत ही वाढ सहाचीच दिसते, पण हातातल्या पतंगाची ओढ जवळजवळ दुप्पट झालेली असते. पवनचक्कीला अशा वेळी आपली पाती वळवून जोर टाळणारी यंत्रणा असते. नवशिक्याला ती स्वतःच्या हातात आणि डोक्यात तयार करावी लागते, आणि पहिल्या आठवड्यातले बहुतेक शिक्षण हेच असते.

पतंगाचे क्षेत्रफळ साधारण ५ ते १७ चौरस मीटर, आणि वीस ते चोवीस मीटर लांबीच्या चार दोऱ्यांनी तो हातातल्या दांड्याला जोडलेला असतो. या दांड्याला बार म्हणतात. कमरेला रुंद पट्टा, म्हणजे हार्नेस, बांधलेला असतो आणि त्याच्या आकड्यात बारचे कडे अडकवलेले असते, त्यामुळे ओढीचा भार हातांवर न येता कमरेवर येतो. बार स्वतःकडे ओढला की पतंगाचा वाऱ्याशी कोन वाढतो आणि ओढ वाढते. बार दूर सारला की ओढ कमी होते. तेही पुरले नाही तर कड्याजवळचा लाल रंगाचा खटका, क्विक रिलीज, ढकलायचा, म्हणजे पतंग एका दोरीवर लटकत निर्जीव होऊन खाली येतो. संक्रांतीला मांजा सोडण्याची सवय असलेल्या कोणालाही ढील देणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पण घाबरलेल्या माणसाचे हात ढील देत नाहीत, ते मूठ आवळतात, आणि बार छातीशी घेतला की पतंग आणखी जोरात ओढतो. या खेळातील अपघातांचे मूळ पुष्कळदा या एका प्रतिक्षेपात असते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

जर्मन संशोधकांच्या एका गटाने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २३५ काइटसर्फरांवर सहा महिने लक्ष ठेवले होते. खेळाच्या दर हजार तासांमागे सात दुखापती, त्यांतही पाऊल आणि घोटा यांच्या दुखापती सर्वांत जास्त, त्याखालोखाल डोके, छाती आणि गुडघा, असा त्याचा निष्कर्ष होता. आणि ५६ टक्के दुखापतींमागचे कारण ताबा सुटल्यावर पतंग शरीरापासून वेगळा करता न येणे हे होते. त्यानंतर खटक्यांची रचना पुष्कळ सुधारली आहे, त्यामुळे ते आकडे आज जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण खटका सुधारला म्हणून तो वेळेवर ढकलणारा हातही सुधारला, असे होत नाही.

प्रशिक्षणाचा क्रम सर्वत्र जवळपास सारखा आहे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय काइटबोर्डिंग संघटनेने, म्हणजे आयकेओने, तो पायऱ्यांत बांधला आहे : आधी किनाऱ्यावर छोटा पतंग, मग पाण्यात फळीशिवाय पतंगाच्या ओढीने शरीर ओढून घेणे, त्यानंतर फळीवर उभे राहणे, आणि शेवटी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला वाट काढत निघालेल्या जागी परत येणे. पहिल्या तीन पायऱ्यांसाठी नऊ ते बारा तासांचे धडे तीन-चार दिवसांत विभागून दिले जातात. जोडप्याला शाळा सहसा एक प्रशिक्षक आणि एकच पतंग देते. एक जण पतंग उडवतो तेव्हा दुसरा शेजारी पाण्यात उभा राहून पाहतो, आणि पाळीपाळीने दोघे शिकतात. पैसे वाचतात, शिवाय दुसऱ्याच्या चुका पाहून बरेच समजते, म्हणून ही पद्धत वाईट नाही. फक्त तिच्यामुळे दोघांची प्रगती एकमेकांना बांधली जाते, आणि एकाला थांबावे लागले तर दुसऱ्याच्या धड्यांचे वेळापत्रक आणि दर दोन्ही बदलतात.

अपघाताची सर्वांत नाजूक वेळ पाण्यातली नसून पतंग वर चढवण्याची असते. मदतनीस पतंगाची हवा भरलेली कड धरून उभा राहतो, उडवणारा दोऱ्या ताणून मागे सरकतो, चारही दोऱ्या कुठे गुंतलेल्या नाहीत हे नजरेने तपासतो, आणि अंगठा वर करून खूण देतो. मदतनीस वाऱ्याच्या दिशेशी जवळजवळ काटकोनात, म्हणजे पतंगाच्या उड्डाणक्षेत्राच्या कडेला उभा असला तर पतंग हळूहळू, कड धरून डोक्यावर येतो. तो दहा-पंधरा पावले वाऱ्याच्या दिशेला जास्त सरकलेला असला, तर हातातून सुटताच पतंग उड्डाणक्षेत्राच्या मध्यातून, जिथे ओढ सर्वाधिक असते तिथून, झेपावतो आणि उडवणाऱ्याला वाळूवरून, कधी वाळूपलीकडच्या दगडांवरून, फरफटत नेतो. या कामाला सोबतच्या नवऱ्याला किंवा बायकोला उभे करण्याचा मोह जोडप्यांना होतो. जिने स्वतः दोन दिवसांपूर्वी पतंग पहिल्यांदा पाहिला, तिच्या हातून नवऱ्याचा पतंग उडवून घेणे हे प्रेमाचे लक्षण असेलही, शहाणपणाचे नाही. उतरायचे असेल तेव्हा डोक्यावर हात थोपटणे ही आंतरराष्ट्रीय खूण आहे. ती दिसताच पतंग पकडायला पुढे येणारा माणूसही शिकलेलाच असावा.

दुसरी धोक्याची जागा खाजणाच्या उथळपणात दडलेली आहे. पाणी कमरेएवढे किंवा गुडघ्याएवढे असल्याने पडल्यावर लगेच उभे राहता येते, म्हणून नवशिके निर्धास्त असतात. पण तळ जवळ असला की ओढीने उचललेला माणूस पायावर आपटतो, आणि शंख-शिंपल्यांचे तुकडे असलेल्या चिखलात पाऊल वाकडे पडून घोटा मुरगळतो. खोल पाण्यात बुडण्याची भीती असते आणि उथळ पाण्यात आपटण्याची, आणि या दोन्हींपैकी नवशिक्याच्या वाट्याला दुसरीच अधिक येते. पातळ तळव्याचे पाणबूट आणि हेल्मेट भाड्याने मिळतात. ते न घालण्याचे एकमेव कारण फोटोत ते चांगले दिसत नाहीत हे असते.

घोटा मुरगळला की पहिला प्रश्न, हाड मोडले की नुसतेच लचकले? कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये यासाठी मांडलेले नियम आज जगभर वापरले जातात आणि ते समजायला सोपे आहेत. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेवर वा टोकावर बोटाने दाबले असता तिथे दुखत असेल, पावलाच्या बाहेरच्या बाजूला मध्यभागी किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वर असलेल्या हाडावर दाबून दुखत असेल, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि नंतर तपासणीच्या वेळीही लंगडत का होईना चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायलाच हवा. यांपैकी काहीही नसेल तर मोडल्याची शक्यता फारच कमी असते, आणि विश्रांती, बर्फाचा शेक, क्रेपची पट्टी व पाय उंच ठेवणे यांनी भागते. डोक्याला मार लागला असेल, खांदा निखळला असेल, पोटात दुखत असेल, किंवा मानेत मुंग्या येत असतील तर मात्र घरगुती निदानाच्या भानगडीत पडू नये, आणि निखळलेला खांदा किनाऱ्यावरच बसवून देणाऱ्या उत्साही मंडळींपासून तर दूरच राहावे.

श्रीलंकेत तातडीच्या रुग्णवाहिकेसाठी १९९० हा क्रमांक आहे. सुवसेरिया नावाची ही मोफत सेवा २०१६ मध्ये भारत सरकारच्या अनुदानातून सुरू झाली आणि पुढे सर्व देशभर पसरली. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाने जे काम होते, तेच तिथे १९९० करते. कल्पिटियात सरकारी रुग्णालय आहे, त्यापेक्षा मोठे पुत्तलमला आणि त्याहून मोठे चिलावला. शस्त्रक्रिया किंवा एमआरआयची गरज पडली तर कोलंबो गाठणे श्रेयस्कर. हे अंतर तीन-चार तासांचे आहे आणि ते गाडीच्या मागच्या आसनावर पाय लांब करून काढावे लागते, म्हणून राहण्याच्या ठिकाणी रात्रीही मिळेल अशा वाहनाचा क्रमांक पहिल्याच दिवशी घेऊन ठेवावा.

इथून पुढे प्रश्न वैद्यकीय राहत नाही, दोघांचा होतो. पाय प्लास्टरमध्ये असलेल्याला आणखी चार दिवस खोलीच्या ओसरीवर बसून बाहेरचे पतंग पाहायचे असतात, आणि धडधाकट असलेल्याला धड शिकताही येत नाही, धड सोबत बसताही येत नाही. एकाच्या दुखण्याने दोघांचे काम थांबते, हे बीड जिल्ह्याला वेगळे सांगण्याची गरज नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोची उचल मुकादम जोडीने देतो, एक जण अंथरुणाला खिळला की खाड्याचा भुर्दंड जोडीलाच सोसावा लागतो. तिथे पोटाचा प्रश्न असतो आणि इथे फक्त सुट्टीचा, हा फरक विसरता कामा नये. पण सुट्टीच्या बाबतीतही निर्णय लगेच आणि स्पष्टपणे घेतलेला बरा : धडधाकट असलेल्याने सकाळचे दोन तास आपले धडे पूर्ण करावेत आणि उरलेला दिवस दोघांचा असावा, की शाळेकडून उरलेली रक्कम परत मागून दोघांनी पतंगाचा विषयच बंद करावा. यांतला कोणताही मार्ग चांगला. वाईट असतो तो रोज सकाळी नव्याने होणारा वाद.

पतंगाविना कल्पिटियात आणि आसपास पाहण्यासारखे काय आहे, याचे उत्तर मोसमावर अवलंबून आहे. नोव्हेंबर ते एप्रिल या काळात समुद्र शांत असल्याने होडीतून डॉल्फिन पाहता येतात. मोसमी वाऱ्याच्या दिवसांत होड्या बाहेर जात नाहीत, आणि प्लास्टरवाल्याने होडीत चढणे तसेही योग्य नाही. गाडीतून जाण्याजोगी ठिकाणे मात्र बारा महिने खुली असतात. चिलावजवळचे मुन्नेश्वरम हे श्रीलंकेच्या प्राचीन शिवस्थानांपैकी एक. रावणवधानंतर ब्रह्महत्येच्या दोषातून मुक्त होण्यासाठी रामाने इथे शिवाची आराधना केली, अशी आख्यायिका आहे, आणि तीच आख्यायिका समुद्राच्या पलीकडे रामेश्वरमलाही सांगितली जाते. पुत्तलमहून अनुराधपूर सुमारे ७५ किलोमीटर आहे. तिथला श्रीमहाबोधी वृक्ष आणि विटांचे प्रचंड स्तूप पाहण्यासाठी बरेच चालावे लागते, म्हणून कुबड्या असतील तर चाकांची खुर्ची आधीच सांगून ठेवावी. पुत्तलमच्या उत्तरेला विल्पत्तू हे श्रीलंकेतील सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान आहे, आणि विल्लू नावाच्या नैसर्गिक तळ्यांच्या काठी बिबटे व अस्वले दिसण्याची तिथे शक्यता असते. पण तिथली जीपची वाट ताज्या दुखापतीला मानवणारी नाही. खाण्यापिण्याच्या बाबतीत मराठवाड्याच्या शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. परिप्पू नावाची मसूर डाळीची आमटी, नारळाची भाकरीसारखी पोल-रोटी आणि खोवलेल्या नारळात मिरची घालून केलेला झणझणीत पोल-संबोल, एवढे कुठेही मिळते.

परतीच्या प्रवासाला दोन बंधने असतात. प्लास्टर घातल्यावर पाय आत सुजू शकतो आणि विमानात तो धोका वाढतो. म्हणून दोन तासांपेक्षा लांबच्या विमानप्रवासाआधी साधारण ४८ तास जाऊ द्यावेत असा संकेत आहे, आणि त्याहून लवकर निघायचे असेल तर प्लास्टर उभे चिरून सैल करून घ्यावे लागते. मुंबई-कोलंबो हे अंतर नेमके या मर्यादेच्या किंचित वर आहे. चाकांच्या खुर्चीची आणि पाय लांब करता येईल अशा आसनाची मागणी विमान कंपनीकडे आगाऊ नोंदवावी. पुढे मुंबईहून बीडपर्यंतची रात्र बसमध्ये काढण्यापेक्षा छोट्या गाडीत मागचे आसन मोकळे ठेवून आलेले बरे. दर दोन तासांनी थांबून बोटे हलवणे, पोटऱ्या ताणणे आवश्यक आहे, कारण हालचाल न झालेल्या पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. घरी आल्यावर पुढील उपचारांसाठी पुण्या-मुंबईला हेलपाटे घालण्याची गरज सहसा पडत नाही. बीडचे जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि घोट्याचा फिजिओथेरपीचा व्यायाम तर घरच्या ओट्यावरही होतो.

विम्याबाबत एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. प्रवास-विम्याच्या साध्या पॉलिसीत साहसी खेळांतील दुखापत बहुधा वगळलेली असते, आणि ती कलमे बारीक अक्षरांत शेवटच्या पानांवर असतात. काइटसर्फिंग हा शब्द ज्या पुरवणीत स्पष्ट लिहिलेला असेल तीच घ्यावी. प्रशिक्षित शिक्षकाच्या देखरेखीखाली असतानाच विमा लागू, अशी अट तीत असते, तीही वाचावी. रुग्णालयाची प्रत्येक पावती, एक्स-रेची प्रत आणि शाळेने अपघाताबद्दल दिलेला लेखी जबाब यांच्याशिवाय दावा पुढे सरकत नाही.

सर्व विचार करता, पहिल्यांदाच शिकणाऱ्या जोडप्याने जुलै-ऑगस्टचा जोरदार वारा टाळून जानेवारी-फेब्रुवारीत जावे, धड्यांचे दिवस चार धरले तर मुक्काम आठ दिवसांचा ठरवावा, आणि दोघांपैकी ज्याला पोहण्याची सवय कमी आहे त्याच्या कुवतीनुसार सगळे वेळापत्रक आखावे. मराठवाड्यात विहिरीत पोहायला शिकलेली पिढी आता मागे पडत चालली आहे, आणि ज्याला पाण्यात मान वर ठेवून दहा मिनिटेही राहता येत नाही त्याला चांगली शाळा फळीवर उभे करत नाही. तेव्हा पोहायला आधी बीडमध्येच शिकावे, आणि कल्पिटियाचे तिकीट त्यानंतर काढावे.